इंग्लंडात पाच गावांत पाच घरं, भेटीगाठींचा प्रवास कसा आखू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात मी आणि आमचे हे इंग्लंडला निघालोय, पहिल्यांदाच. ह्यांचं वय ६८, माझं ६३. टूर कंपनीबरोबर जायचं नाहीये कारण मुळात बघायला जात नाही आहोत, भेटायला जातोय.
माणसं अशी विखुरलेली आहेत: नणंदेची मुलगी रेडिंगला (नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, दोन मुलं), माझा मावसभाऊ एक्सेटरला, शाळेतली जिवलग मैत्रीण लेस्टरला, ह्यांचा हॉस्टेलचा रूममेट बार्न्सलीजवळ (मिरजेहून डॉक्टर होऊन तरुणपणीच गेला, आता रिटायर, एकटाच असतो), आणि कऱ्हाडला आमच्या वाड्यात शेजारी राहायच्या त्या काकू, त्या न्यूकॅसलला मुलाकडे आहेत. काकूंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत केलंय, त्या आता ८७ च्या आहेत.
भाची म्हणते आमच्याकडे राहा आणि इथून एकेक ठिकाणी जाऊन या. ह्यांना वाटतं आलोच आहोत तर लेक डिस्ट्रिक्ट, स्टोनहेंज, बाथ सगळं उरकून घ्यावं. मला वाटतं डोंगर-तळी कुठे जात नाहीत, ही माणसं परत भेटतील की नाही ते सांगता येत नाही. साधारण महिनाभर हातात आहे. एका जागी मुक्काम ठेवू का फिरत राहू, रेल्वे का गाडी, कुणाकडे किती दिवस, सोबत काय न्यावं, जे सुचेल ते सांगा.

रुळावरचा
ताई, एका जागी मुक्काम अजिबात नको. नकाशा समोर ठेवा. इंग्लंडातल्या बहुतेक मोठ्या लाईनी लंडनमधून फुटतात आणि लंडनला एक मुख्य स्टेशन नाही, प्रत्येक दिशेचं स्टेशन वेगळं. पश्चिमेला जायचं तर पॅडिंग्टन, लेस्टर-शेफील्डला सेंट पँक्रास, यॉर्क-न्यूकॅसलला किंग्ज क्रॉस, मँचेस्टर आणि लेक डिस्ट्रिक्टकडे यूस्टन. रेडिंगहून रोज जाऊन-येऊन केलंत तर निम्मा प्रवास लंडन ओलांडण्यात जाईल, तेही बॅगा घेऊन भुयारी रेल्वेच्या जिन्यांवरून.
तुमची पाच गावं मात्र एका गोलात बसतात. रेडिंग ते एक्सेटर थेट गाडी आहे, दोनेक तास. एक्सेटरहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट अडीच तासांच्या आसपास, तिथे बदलून तासाभरात लेस्टर. लेस्टरहून शेफील्ड एक तास, शेफील्डहून बार्न्सली लोकलने अर्धा तास धरा. बार्न्सलीहून लीड्स, लीड्सहून न्यूकॅसल दीड तास. आणि शेवटी न्यूकॅसलहून किंग्ज क्रॉस तीन तासांत. कुठेही लंडनला यावं लागत नाही, फक्त शेवटी. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाताय म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेसारखं, उजवा हात आतल्या बाजूला :)

आळशी_मांजर
पाच घरं म्हणजे पाच वेळा पावभाजी. लिहून ठेवा. इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी घरात भारतातून पाहुणे आले की पहिल्या संध्याकाळी पावभाजी असते.

स्लावकर
वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. दुसऱ्या दिवशी बार्बेक्यू, पाऊस आला तर ओव्हनमध्ये :)) तिसऱ्या घरापासून पुढे आधीच फोन करून हक्काने सांगा, आमटी-भात कर बाई.

रुळावरचा
तिकिटांचं राहिलं. तुम्ही दोघं कायम बरोबर असणार म्हणून 'टू टुगेदर रेलकार्ड' घ्या. दोघांत मिळून एकच कार्ड, ३५ पौंड, वर्षभर चालतं, दोघांच्याही तिकिटावर एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही आणि दोघं एकत्र प्रवास करत असाल तरच चालतं. साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्डही मिळतं पण ते प्रत्येकाला वेगळं, म्हणजे दोघांचे ७० पौंड. मधे कधी एकट्याने जायचा विचार असेल तरच ते घ्या, नाहीतर पहिलंच. ब्रिटरेल पास फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी असतो खरा, पण तो रोज गाडीत बसणाऱ्यांच्या फायद्याचा. तुम्ही एकेका घरी चार-पाच दिवस राहणार, तुम्हाला सुटी तिकिटंच परवडतील.
'अॅडव्हान्स' तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात, ती सगळ्यात स्वस्त, पण त्याच गाडीची. गाडी चुकली की तिकीट गेलं. म्हणून मोठ्या टप्प्यांना अॅडव्हान्स घ्या, बार्न्सलीसारख्या छोट्या टप्प्याला स्टेशनवर जाऊन घेतलंत तरी चालेल.

मिश्रधान्य
यात भर. काही वेळा एका लांब तिकिटापेक्षा त्याच प्रवासाची दोन तुकड्यांतली तिकिटं स्वस्त पडतात, म्हणजे एक्सेटर ते ब्रिस्टल एक आणि ब्रिस्टल ते बर्मिंगहॅम दुसरं, पण बसायचं त्याच गाडीत, उतरायचं नाही. हे नियमात बसतं, अट एवढीच की ज्या स्टेशनाला तुकडा पाडलाय तिथे ती गाडी थांबली पाहिजे.

स्टिअरिंगवाला
मी थोडं वेगळं बोलतो. रेल्वे रेल्वे सगळे म्हणतात पण दोघं माणसं, महिन्याभराच्या बॅगा, त्यात लोकांसाठी नेलेलं सामान, आणि प्रत्येक घर काही स्टेशनाशेजारी नसतं. गाडी भाड्याने घ्या. भारतातलं लायसन्स तिथे पर्यटकाला वर्षभर चालतं, गाडी डावीकडूनच चालवायची, सिग्नल-शिस्त उत्तम. मधे वाटेल तिथे थांबता येतं, एखाद्या खेड्यातल्या पबच्या बागेत बसून जेवता येतं, पुढच्या घरी जायची घाई नाही. आम्ही तसेच फिरलो आणि आमच्या आई-बाबांना तोच प्रवास सगळ्यात जास्त आवडला होता.

स्लावकर
गाडी कोण चालवत होतं तुमच्याकडे? तुम्ही ना? इथे काका ६८ चे आहेत आणि पहिल्यांदा चालवणार आहेत. कऱ्हाडात पन्नास वर्षं गाडी चालवली असेल तरी इथला तीन लेनचा राउंडअबाउट वेगळा असतो. आत शिरायच्या आधीच कुठल्या लेनमधून बाहेर पडायचंय ते ठरवावं लागतं. एक्सेटरकडच्या डेव्हनमधले गल्लीरस्ते तर एका गाडीपुरतेच असतात, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपं, समोरून ट्रॅक्टर आला की जागा सापडेपर्यंत मागे मागे न्यायची. शिवाय लंडनमधे ULEZ चे (जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचे) पैसे, बर्मिंगहॅम-ब्रिस्टलला स्वच्छ हवेचे झोन, डार्टफर्डच्या पुलाचे पैसे ऑनलाइन भरायचे, तेही दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत. भाड्याच्या गाडीला दंड झाला की कंपनी वर स्वतःची फी लावते.

स्टिअरिंगवाला
बरं बरं, सगळं इंग्लंड नको पण एक्सेटरला मावसभाऊ असतीलच ना, त्यांच्या गाडीतून डार्टमूरचं माळरान फिरा. तिथे रेल्वेने जाऊन काहीच दिसणार नाही. एवढं तरी मान्य करा :)

रुळावरचा
हे मान्य. पण एक्सेटरला असताना डॉलिशला मात्र रेल्वेनेच जा, वीसेक मिनिटं लागतात. रूळ अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जातात, भरतीला लाटांचं पाणी डब्याच्या काचेवर येतं. ब्रुनेल नावाच्या जुन्या इंजिनिअरने आखलेली लाईन. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंतच वाहून गेली होती, रूळ हवेत लोंबकळत होते, एप्रिलमधे परत सुरू केली. मावसभावाला विचारा, एक्सेटरच्या प्रत्येक माणसाकडे त्या वादळाची गोष्ट असते.

खाणीगावची
ताई, तुमचा बार्न्सलीचा उल्लेख वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. माझे काका तुमच्या ह्यांच्या मित्रासारखेच, साउथ यॉर्कशायरमधे जन्मभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडून किती डॉक्टर गेले, पुण्याचे बीजे, मुंबईचं ग्रँट, मिरज, नागपूर. लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या मानाच्या जागा तिथल्या मुलांना मिळायच्या, आपल्या लोकांच्या वाट्याला वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं आणि कोळशाच्या खाणींची, कापड गिरण्यांची गावं आली, जिथे इंग्रज डॉक्टर जायला तयार नव्हते. एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) १९४८ साली सुरू झाली पण त्या गावांत ती चालती ठेवली ती या लोकांनी, असं मी ठामपणे म्हणेन. काकांनी खाण कामगारांच्या तीन पिढ्या तपासल्या. खोकल्याचा आवाज ऐकून सांगायचे हा माणूस किती वर्षं खाली उतरलाय. ८४-८५ च्या मोठ्या संपाच्या वेळी पेशंट मिटल्या तोंडाने बसायचे आणि काका औषधाबरोबर घरी चूल पेटते का ते विचारायचे. पुढे खाणी बंद झाल्या, मुलं लंडनला आणि अमेरिकेला गेली, काकू गेली, आणि काका त्याच गावात राहिले कारण बाजारात गेलं की अजून लोक 'डॉक्टर' म्हणून हात धरतात.
सांगायचं हे की अशा माणसाकडे दोन दिवसांसाठी जाऊ नका. पहिला दिवस इंग्रजीतच जातो. मराठी हळूहळू वर येते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम मिरजेच्या मेसमधली भांडणं आठवायला लागतात. काकांकडे त्यांचा वर्गमित्र आला होता तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत दोघं कुठला प्रोफेसर कसा बोलायचा त्याच्या नकला करत होते, आणि काका इतके हसतात हे माझ्या चुलतभावाने पहिल्यांदा बघितलं. तुमच्या ह्यांना म्हणावं, बॅचचा फोटो शोधून न्या. मागे नावं लिहून न्या. कोण कुठे आहे, कोण गेलं, सगळी खबर गोळा करून न्या. मिठाईपेक्षा त्याची भूक जास्त असते. लेक डिस्ट्रिक्टमधून दोन दिवस कापून इकडे जोडा.

आळशी_मांजर
खाणीगावची, फार सुंदर लिहिलंत. यावर वेगळा लेख येऊ द्या.

मँचेस्टरची_शेवंता
+१. आमच्या इथे लँकेशायरमधेही हीच कहाणी, गिरण्यांची गावं आणि त्यात एखादा जोशी किंवा पाटील डॉक्टर.

मिश्रधान्य
कुणाकडे किती दिवस हा प्रश्न वारांवरून सोडवा, असं मी सुचवेन. नोकरीवाल्यांच्या घरी शनिवार-रविवार धरून जा, रिटायर्ड लोकांकडे सोमवार ते शुक्रवार. भाची आणि तिचा नवरा आठवडाभर कामावर, मुलं शाळेत, तुम्ही दोघं दिवसभर घरात एकमेकांची तोंडं बघत बसणार, हीटिंग चालू करायचं बटण सापडणार नाही, आणि तिला मात्र ऑफिसात बसून अपराधी वाटत राहणार. तेच बार्न्सलीच्या डॉक्टरांना सगळे वार सारखे. गाड्यांच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण रविवारी गाड्या कमी असतात आणि रुळांची कामंही बऱ्याचदा रविवारी काढतात, मग मधेच उतरवून बसमधे बसवतात.

स्लावकर
यजमान म्हणून लिहितोय, मनावर घेऊ नका कुणी. मे ते ऑगस्ट आमच्याकडे पाहुण्यांचा सीझन असतो आणि आम्हाला ते आवडतं, खरंच आवडतं, कारण घरात परत मराठी आवाज होतो आणि मुलं आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांशी बोलतात. फक्त तारखा लवकर सांगा. इथे रजा महिनोन् महिने आधी टाकावी लागते. आणि 'बघू, जमेल तसं येतो' हे इथे कुणाच्या उपयोगाचं नाही, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने येतोय असं सांगितलं तर माणूस स्टेशनवर हजर असतो. एक विनंती, पोचल्यावर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरून डबे लावून देऊ नका :)

कृष्णाकाठची
किती भरभरून लिहिताय सगळे. खाणीगावची, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला, ते उठून कपाटातली जुनी पाकिटं काढायलाच बसले, फोटो सापडलाय. वारांची कल्पना फारच छान, तशीच आखणी करते. प्रदक्षिणा तर पक्की.
एक नवीन गोष्ट. काल न्यूकॅसलला फोन केला तर मुलगा म्हणाला की काकू गेल्या महिन्यापासून केअर होममधे आहेत. विसरायला लागल्यात, घरी एकट्या ठेवता येईनात. तो म्हणाला ताई तू येऊ नकोस असं नाही म्हणत, पण ती तुला ओळखेलच असं धरून चालू नकोस. मला काही सुचत नाहीये. जाणार तर आहेच. पण कसं जावं, काय बोलावं? कुणाला अनुभव आहे का?

अनवट_वाट
ताई, माझी आत्या बर्मिंगहॅमजवळ अशाच एका होममधे होती, म्हणून लिहिते. आधी फोन करून जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा विचारून घ्या. बहुतेकांना सकाळी नाश्त्यानंतरचा वेळ बरा जातो, संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो. एकदाच तीन तास बसण्यापेक्षा सलग तीन दिवस अर्धा-पाऊण तास जा. पहिल्या दिवशी ओळखलं नाही तर दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखीचा झालेला असतो. 'मला ओळखलंत का' असं विचारू नका, ते त्यांना परीक्षेसारखं होतं. आपणच सांगायचं, मी अमकी, वाड्यातली, तुमच्या शेजारची.
आणि मराठीत बोला. आत्याची इंग्रजी आधी गेली. चाळीस वर्षं तिथे नोकरी केलेली बाई, नर्सशी बोलताना शब्द सापडेनात आणि नर्सना वाटायचं ही बोलतच नाही. आम्ही रामरक्षा सुरू केली की पुढचे श्लोक स्वतः म्हणायची, अडखळत नाही काही नाही. आम्ही तिथल्या लोकांना पन्नास मराठी शब्द उच्चार कळेल असे रोमन अक्षरांत लिहून दिले होते, पाणी, दुखतंय, थंडी, नको, बाथरूम. तिच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवले. खूप फरक पडला. तुमच्या काकूंच्या मुलाने केलं नसेल तर तुम्ही करून द्या, त्यांच्यासाठी याहून मोठी भेट नाही.

खाणीगावची
अनवट_वाट, हे वाचून डोळे भरले. शब्दांची यादी इथे टाकाल का कधी? अनेकांना लागेल.

अनवट_वाट
नक्की, शोधून नवा धागा काढते. अजून एक, वाड्याचे, घाटाचे, कृष्णामाईच्या देवळाचे फोटो मोठे छापून न्या. फोनवरचे त्यांना दिसत नाहीत.

टिपऱ्या
विषय जरा हलका करतो. सोबत काय न्यावं: दूध आणि मांस यांचं काहीही भारतातून ब्रिटनमधे नेता येत नाही, म्हणजे पेढे, खव्याची पोळी, कंदी पेढा, तूप, बासुंदी सगळं बाद. सातारी कंदी पेढे नेणार असाल तर आत्ताच मन घट्ट करा. चालणाऱ्या गोष्टी: मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचा चिवडा, भाजणी. लेस्टरला काहीही नेऊ नका, बेलग्रेव्ह रोडवर सगळं मिळतं, १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती लोक तिथे येऊन वसले तेव्हापासून. मे महिन्यात हापूसच्या पेट्याही असतात. उलट लेस्टरला पिशव्या भरा आणि बार्न्सली-न्यूकॅसलला न्या. डॉक्टरांसाठी आंब्याची पेटी तिथूनच घ्या.

मँचेस्टरची_शेवंता
लेस्टरला मैत्रिणीबरोबर कॅथीड्रलला जाऊन या. तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडं २०१२ साली तिथल्या कार पार्कखाली सापडली, पाचशे वर्षांनी, आणि २०१५ मधे परत विधिवत पुरली. शिक्षिका आहात का हो तुम्ही? प्रश्न इतके नीट मांडलेत म्हणून विचारलं.

कृष्णाकाठची
हो, इतिहास-मराठी शिकवायचे :)

मिश्रधान्य
इतिहास म्हणताय तर मग वाटेवरच्या काही जागा. एक्सेटरहून बर्मिंगहॅमला जाताना गाडी ब्रिस्टलला थांबते. तिथे आर्नोस व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे, १८३३ मधे ते ब्रिस्टललाच वारले. वर चक्क भारतीय धाटणीची छत्री बांधलेली आहे. स्टेशनापासून टॅक्सीने जवळ.
लंडनला एक दिवस मिळाला तर प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मधे शिकत असताना तिथे राहायचे. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मधे घेतलं, आता तिथे स्मारक आहे. मेडा व्हेलला हाउली प्लेसमधल्या १० नंबरच्या घरावर लोकमान्यांची निळी स्मृतिपाटी आहे, १९१८-१९ मधे ते तिथे राहिले होते. आणि डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू, मंडळ १९३२ पासूनचं.

स्टिअरिंगवाला
धागा भेटीगाठींचा आहे हो, स्मारकांचा नाही.

मिश्रधान्य
त्याही भेटीच आहेत, दादा.

रुळावरचा
ताई, न्यूकॅसलचं ऐकून वाईट वाटलं. तिथे किमान चार दिवस ठेवा आता. पण त्यातूनच काकांचा (तुमच्या ह्यांचा) लेक डिस्ट्रिक्टही साधतो, बघा. न्यूकॅसलहून थेट किंग्ज क्रॉसला येऊ नका. न्यूकॅसल ते कार्लाइल अशी आडवी लाईन आहे, दीड तास, टाइन नदीच्या काठाने आणि हेड्रियनच्या भिंतीला समांतर (रोमन लोकांनी इसवी सन १२२ मधे बांधायला घेतलेली, इतिहासवाल्यांना सांगायला नको). कार्लाइलहून पेनरिथ पंधरा-वीस मिनिटं, पेनरिथ स्टेशनाबाहेरून केझिक या तळ्याकाठच्या गावाची बस. केझिकला दोन रात्री, तळ्यावर लाँच, आणि परत पेनरिथहून थेट यूस्टन, तीन-साडेतीन तास. इंग्लंडात सध्या बसचं एका फेरीचं तिकीट जास्तीत जास्त ३ पौंड, त्यामुळे तिथे गाडी लागत नाही.
आणि लीड्सहून न्यूकॅसलला जाताना उजव्या खिडकीला बसा. डरहॅमचं कॅथीड्रल दिसतं, नंतर टाइनवरचे पूल.

आळशी_मांजर
म्हणजे प्रदक्षिणा मोडली. शेवटी उजवीकडचं डावीकडे गेलं.

रुळावरचा
हो मोडली, पण काकांसाठी :)

औषधपाणी
कुणी लिहिलं नाही म्हणून. प्रवासाचा विमा दोघांचाही काढा आणि आधीचं ब्लड प्रेशर, शुगर सगळं खरं लिहून काढा, लपवलेलं असेल तर क्लेम नाकारतात. पर्यटकाला जीपी आणि इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट असते, पण अॅडमिट झालात की बिल येतं, एनएचएसच्या दराच्या दीडपट. रोजच्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या वर थोड्या जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. मित्र डॉक्टर आहे म्हणून तो लिहून देईल असं धरू नका, रिटायर झालेले बरेच डॉक्टर रजिस्ट्रेशन सोडून देतात.

स्लावकर
मे मधे दोन बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) आहेत, पहिला सोमवार आणि शेवटचा सोमवार. शेवटच्या सोमवारच्या आठवड्यात शाळांना सुट्टीही असते. त्या दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नका, गाड्या तुडुंब असतात आणि केझिकला खोली मिळणार नाही. उलट तो आठवडा भाचीकडे ठेवा, मुलं घरी असतील.

कृष्णाकाठची
स्लावकर, हे भाचीला विचारलं, ती म्हणाली मामी हे तुला कुणी सांगितलं, मी तेच सांगणार होते. म्हणजे आता असं ठरतंय: मे च्या सुरुवातीला उतरून रेडिंगला फक्त शनिवार-रविवार, थकवा जाईपर्यंत. मग एक्सेटर, मावसभावाच्या गाडीतून डार्टमूर (स्टिअरिंगवाला, तुमच्यासाठी). मग लेस्टर, तिथे आंबे. मग बार्न्सली पूर्ण एक आठवडा, डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले आठवडाच का, महिनाभर राहा. मग न्यूकॅसल, रोज सकाळी काकूंकडे. मग केझिक. शेवटचा आठवडा भाची आणि मुलं.
रामरक्षेपेक्षा काकूंना ओव्या येत होत्या जात्यावरच्या, त्या आठवून लिहून काढतेय. काही ओळी माझ्याही गेल्यात, कऱ्हाडच्या दोन म्हाताऱ्यांना विचारून पूर्ण करतेय.
एकच शंका उरली. शेफील्डला आणि बर्मिंगहॅमला गाडी बदलताना मोठ्या बॅगा घेऊन जिने चढावे लागतात का? ह्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय.

रुळावरचा
जिने चढायची गरज नाही, दोन्हीकडे लिफ्ट आहेत. तरीही 'पॅसेंजर असिस्ट' बुक करा, फुकट असतं. अॅपवरून किंवा फोनवरून आदल्या दिवशी गाडीची वेळ सांगायची, स्टेशनवरचा माणूस सामानासकट पुढच्या गाडीत बसवून देतो. त्यासाठी व्हीलचेअरच हवी असं नाही, खांद्याचं ऑपरेशन एवढं कारण पुरतं. बर्मिंगहॅमला दोन गाड्यांत पाऊण तासाचं अंतर ठेवून तिकीट काढा, तिथे प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलतात. आणि गाडीला उशीर झाला तर तिकीट टाकून देऊ नका, 'डिले रिपे'चा फॉर्म भरून पैसे परत मिळतात, किती मिनिटांच्या उशिरापासून ते कंपनीवर असतं, काही पंधरा मिनिटांना देतात काही तीसला. अॅडव्हान्स तिकिटं सुटली की आधी एक्सेटर-बर्मिंगहॅम आणि पेनरिथ-यूस्टन घ्या, तीच महाग होत जातात.

खाणीगावची
बार्न्सलीला असाल तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ताई, काकांचं गाव तिथून बसने अर्ध्या तासावर आहे. दोन्ही डॉक्टरांची ओळख असेलच असं मला वाटतंय, काकांना आजच विचारते.